ताईच्या आवाजावरची सनई

लग्नाच्या व्हिडिओत कोणी कोणाला टाकून बोलत नाही. भटजींचा मोबाइल वाजत नाही, कोणाला खोकल्याची उबळ येत नाही, ऐन सप्तपदीच्या वेळी मागून केटररचा माणूस "अरे जिलबी कुठे ठेवली?" म्हणून ओरडत नाही. प्रत्यक्षात हे सगळं होतंच. आम्ही ते ऐकू येऊ देत नाही, एवढंच. आम्ही म्हणजे एडिटिंग करणारे. डोंबिवली पूर्वेला एका फरसाणाच्या दुकानावर माझी खोली आहे. वीसेक वर्षं तिथे बसून मी लोकांची लग्नं गोड करत आलो.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्राच्या पट्टीखाली आवाजाची पट्टी असते. तिच्यात आवाजाचे लहानमोठे डोंगर दिसतात आणि त्यांच्यावरून एक बारीक आडवी रेघ जाते. रेघ वर उचलली की आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. पण सबंध रेघ खाली आणली तर सगळंच बारीक होईल. आपल्याला फक्त तेवढा खोकला घालवायचा असतो. मग खोकल्याच्या अलीकडे रेघेवर दोन टिंबं द्यायची, पलीकडे दोन, आणि आतली दोन खाली ओढायची. बाहेरची दोन जागची हलत नाहीत, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं शाबूत राहतं. उतार जरा तिरका ठेवायचा. एकदम खाली पाडला तर ऐकणाऱ्याला खटकतं. राहिलेल्या शांततेवर सनईचा एखादा तुकडा पसरायचा. काही काढलंय हे कोणाला कळलं नाही, म्हणजे काम चांगलं झालं.

एकदा एका नवरदेवाचे वडील पंगतीत बसून म्हणाले, "आमच्यात श्रीखंड दोनदा फिरवतात." कॅमेरा अगदी समोर. मी त्या चार सेकंदांवर सनई घातली. मुलीकडचे नंतर मला म्हणाले, "व्याही किती हसतमुख आलेत हो व्हिडिओत." मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मला एकच बहीण आहे, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले. आम्ही कल्याणला चाळीत राहायचो आणि आई चार घरची भांडी घासायची. ताई डी.एड. झाली, खडवलीच्या शाळेत लागली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच शिकवत राहिली. एका खोलीत दोन वर्ग बसायचे. तोंडं उलट्या दिशेला, मधे भिंत नाही. दुसऱ्या बाईंच्या पाढ्यांवरून आपली कविता पलीकडच्या पोरापर्यंत पोचवायची, तर आवाज लागतो. तसा तिचा आवाज झाला. तिने लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. आता ती ठाण्यात खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे, एका जुन्या इमारतीत एकटी राहते.

आमच्या नात्यात कोणाचंही लग्न असो, मंगलाष्टक ताईचं. छापील नाही, दर लग्नाला नवं. दोन्ही घरची नावं गुंफायची, गेलेल्या माणसांना आठवायचं, मुलीला चार शब्द सांगायचे, आणि हे सगळं वृत्तात बसवायचं. आठ-आठ दिवस ती बोटांवर मात्रा मोजत फिरायची. म्हणायची मात्र माईकशिवाय. गावाकडच्या मांडवात, चाळीच्या अंगणात, कुठेही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही शब्द कळायचे. लग्न ठरलं की लोक तारीख सांगायला तिला आधी फोन करायचे, ती म्हणायची, "थांब, मुलाच्या आजोबांचं नाव सांग, ते बसवायला जड जाणाराय का बघू दे."

माझ्या मुलीचं लग्न ठाण्यात, एका एसी हॉलमध्ये झालं. मुलाकडची माणसं शिकलेली, शांत. मुलाची मावशी रीतसर गाणं शिकलेली होती. तिने कॉर्डलेस माईक हातात घेतला, मोबाइलवर तानपुरा लावला आणि अशी काही मंगलाष्टकं म्हटली की हॉलमधली कुजबुज थांबली. मग तोच माईक ताईकडे आला.

ताईने आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला. पण आवाज मात्र तिने दोन वर्गांचाच लावला. स्पीकर कण्हले. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने कानांवर हात ठेवले आणि त्याची आई हसली. मी मुलीच्या मागे उभा होतो. ताईच्या हातात घडी घातलेला कागद होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्या मुलीकडे बघत होती. तिसऱ्या चरणापासून ती म्हणाली,

आजीने तुझिया घरोघर किती भांडी मुली घासली,
त्या हातांस नमून टाक पहिले पाऊल, हो मंगलम्.

मग सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझ्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. मुलाकडच्यांना मी सांगितलं होतं की माझी आई घरीच असायची. खोटं असं नाही, कामावरून आली की ती घरीच असायची. बैठकीत विषय निघाला, मी तेवढं बोललो आणि चहाचा कप उचलला. आता दोनशे माणसांत स्पीकरवरून ते सगळ्यांना कळलं होतं.

जेवणाच्या वेळी विहीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या ताईंचा आवाज खणखणीत आहे हं." एवढंच. त्या काय मनात धरून बोलल्या ते मला आजही ठाऊक नाही. मला मात्र तो टोमणा वाटला.

शूटिंग माझ्याच माणसांनी केलं होतं. एडिटिंग मी कोणाला करू दिलं नाही. बायको म्हणाली, "अहो, स्वतःच्या मुलीचं लग्न तरी दुसऱ्याला करू द्या." मी म्हटलं, "घरचं काम आहे, मन लावून करतो."

मंगलाष्टकांपर्यंत आलो तो रविवार होता, दुपारची वेळ. मावशींची पट्टी एकसारखी, ओळीत लावलेल्या पणत्यांसारखी. ताईची पट्टी म्हणजे वर-खाली उसळलेली, आणि सहा-सात ठिकाणी डोंगरांचे माथे सपाट कापलेले. आवाज माईकला झेपला नाही की असं होतं. आम्ही म्हणतो आवाज फाटला. तिथे आवाज कमी करणं हे माझं कामच होतं. मी पहिल्या फाटलेल्या जागी चार टिंबं दिली, थोडं खाली ओढलं. दुसऱ्या जागी दिली. इथवर मी प्रामाणिक होतो, हे मला सांगायचंय. कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला एवढंच सांगत राहिलो की आवाज फाटत होता.

तिसऱ्या चरणापाशी आलो. तिथे आवाज फाटलेला नव्हता. उलट त्या दोन ओळी ताईने जरा हळू म्हटल्या होत्या, मुलीला जवळ घेऊन सांगावं तशा. डोंगर लहान होते, माथे गोल. हेडफोनमध्ये शब्द न् शब्द येत होता. मी चार टिंबं दिली आणि आतली दोन पार तळाला नेली. मग सनई. ऐकून बघितलं तर मधेच त्या दोन ओळी नाहीशा झालेल्या लगेच कळत होत्या. म्हणून आधीचे दोन चरणही खाली नेले, नंतरचेही. एकूण बेचाळीस सेकंद. कडांना उतार दिला, तोही छान, हळुवार. ताई तोंड उघडते, हात उंचावते, आणि सनई वाजते. बघून मला वाटलं, वाईट नाही दिसत.

कोणीही मला हे करायला सांगितलं नव्हतं. ना मुलीने, ना तिच्या सासरच्यांनी.

पेन ड्राइव्ह सगळ्यांकडे गेले. मुलीचा फोन आला, "बाबा, आत्याचा आवाजच नाहीये!"

"माईकने दगा दिला गं तिच्या वेळेला."

"असं काय... तिने किती दिवस बसून लिहिलेलं."

"काय करणार. माझ्याकडे आलंच नाही, तर मी कुठून घालू?"

आमच्या घरात माईक, कॅमेरा, वायरी यांबद्दल मी बोललेलं शेवटचं असतं. मला त्यातलं कळतं असं सगळे धरून चालतात. मुलीने पुढे काही विचारलं नाही.

ताईच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून द्यायला मी स्वतः गेलो. तिने शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या, उपमा केला होता, खुर्च्या कमी पडल्या म्हणून एकीला पलंगावर बसवलं होतं. मावशींचं गाणं झालं. बायका म्हणाल्या, "वा!" ताई पुढे सरकली. "आता माझं येतंय. बोलू नका गं."

सनई वाजली. पडद्यावरची ताई तोंड उघडत होती, मिटत होती.

पलंगावरची बाई म्हणाली, "अहो ताई, तुम्ही तर तोंडाने सनई वाजवताय!" खोलीत हशा पिकला. ताईही हसली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. व्हिडिओ पुढे गेला, वरमाला झाल्या, बायकांनी मुलीच्या शालूबद्दल बोलायला सुरुवात केली. ताई बशा उचलायला आत गेली आणि मला तिने आत बोलावलं.

"माझं आलं नाही का रे?"

"माईकचा घोळ झाला."

"पण त्यांचं आलं की. तोच माईक होता. त्यांच्याच हातातनं मी घेतला."

ती शिक्षिका होती, तिला चटकन फट दिसली. मला तिथेच थांबता आलं असतं. मी म्हणालो, "तू जरा लांब धरलास, ताई."

"हो का?" तिने बेसिनमध्ये बशा ठेवल्या. "मला वाटलं तोंडाला लागेल. दुसऱ्यांनी वापरलेला, म्हणून..." मग तिने फ्रिजवरचा टीव्हीचा रिमोट घेतला आणि हनुवटीखाली धरला. "कसा धरायचा? असा?"

"अजून थोडा जवळ."

"असा?"

"हां. आणि थोडा तिरका."

मी तिला रिमोट धरून माईक कसा धरायचा ते शिकवलं. तिने दोन ओळी म्हणूनही बघितल्या, भलत्याच, कुठल्यातरी जुन्या लग्नातल्या. मग रिमोट पुसून जागेवर ठेवला.

यानंतर कल्याणला आमच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं. मी तिथे शूटिंगला होतो. ताईकडे माईक आला तेव्हा तिने दोन्ही हात मागे घेतले. "नको गं बाई. मला माईक धरता येत नाही. भावाच्या पोरीच्या लग्नात घोळ घालून ठेवलाय मी, अख्ख्या व्हिडिओत नुसतं तोंड हलतंय माझं." लोक हसले. तिने तो विनोदच करून टाकला होता. माईक दुसऱ्या कोणाकडे गेला, त्यांनी मोबाइलमध्ये बघून छापील मंगलाष्टक म्हटलं.

मी कॅमेऱ्यामागे होतो. तिथून ताईपर्यंत दहा पावलंसुद्धा नव्हती.

मग ठाण्यात एक लग्न झालं. तिथेही तेच. लोकांनी विचारणं कमी केलं. मग खडवलीला तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न होतं, शाळेच्या मैदानावर. ती बाई ताईच्या पाया पडून म्हणाली, "बाई, माईक नको, तुम्ही वर्गात म्हणायचात तसं म्हणा." ताईने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "अगं, रेकॉर्डिंग होतंय ना. त्यात नीट नाही आलं तर तुझ्या पोरीला जन्मभर तेच बघावं लागेल." हे मला ताईनेच नंतर फोनवर सांगितलं, हसत. मी "हं" म्हणालो.

चार वर्षं गेली. आमच्या धंद्यात पद्धत अशी की व्हिडिओ दिला आणि तीन महिने कोणी तक्रार केली नाही की मूळ शूटिंग पुसून टाकायचं. नाहीतर हार्ड डिस्क पुरणार कशा? मी मुलीच्या लग्नाचं पुसलं नाही. पुसायचा विचारच केला नाही, असंही नाही. दोनदा तो फोल्डर निवडला, आणि पुसू का म्हणून संगणकाने विचारलं तेव्हा नको म्हटलं. म्हणजे ताईचा आवाज माझ्याकडे होता. तो वर आणायला पाच मिनिटं लागली असती. काही गेलेलंच नव्हतं, नुसती रेघ खाली होती.

गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगा झाला. बारसं आमच्या घरीच करायचं ठरलं. मुलीने ताईला फोन केला, "आत्या, पाळणा तूच लिहायचास आणि तूच म्हणायचास." ताई म्हणाली, "लिहून देते. म्हणेल दुसरं कोणीतरी." मुलगी रुसली. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती."

फोन मी कानाला लावला नाही. बंद केला आणि म्हणालो, "उद्या जाऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन खोपटला गेलो. रात्री काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ताईने दार उघडल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही. ती जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. म्हणाली, "बस. आणि काड्या इकडे टाक." मी काड्या टाकत बसलो. थोड्या वेळाने म्हणालो, "ताई, त्या लग्नात माईक नीट होता."

तिचे हात चालू होते. "कुठल्या?"

"आपल्या. तुझा आवाज आलेला. सगळा आलेला. मी कमी केला."

"म्हणजे माईक बिघडला नव्हता."

"नाही."

"आणि मी धरला होता तो नीट धरला होता."

"हो."

"मग तू मला रिमोट धरून शिकवलंस ते काय होतं?"

तिने मेथी बाजूला केली आणि हात पदराला पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली. "खडवलीच्या त्या विद्यार्थिनीला मी शब्द दिलेला, ती चौथीत असताना. 'तुझ्या पोरीच्याही लग्नात मी म्हणेन' म्हणून. ती पाया पडत होती माझ्या."

"ताई..."

"का केलंस?"

"आवाज फाटत होता तुझा."

ती थांबली. मला ते थांबणं लहानपणापासून माहीत आहे. खोटं उत्तर दिलं की ती दुसरं विचारत नाही, खरं येईपर्यंत बघत राहते.

"भांड्यांच्या ओळीमुळे," मी म्हणालो.

खाली डेपोत कंडक्टर कुठल्यातरी गाडीला मागे घे, मागे घे म्हणत होता. ताईने "हं" केलं. मी लॅपटॉप उघडला. रेघ सकाळीच जागेवर आणून ठेवली होती. तिने नको म्हटलं नाही म्हणून मी लावलं. तिचा आवाज त्या खोलीत भरला. ती मान तिरकी करून ऐकत होती, वहीत चूक शोधावी तशी. तिसरा चरण आला तेव्हा तिचे ओठ हलले.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती मी मुद्दामच मागे ठेवत आलो. आईबरोबर भांडी घासायला ताईही जायची. डी.एड.ला जाईपर्यंत, रोज सकाळी. मला कधी नेलं नाही. मी अभ्यास करायचा असं ठरलेलं होतं. त्या चरणात ताईने नुसती आजी घातली होती. स्वतःला तिने घातलंच नव्हतं. हे मला त्या रविवारी दुपारी, हेडफोन कानाला असताना, माहीत होतं.

व्हिडिओ संपला. ताई म्हणाली, "मोठाच आहे रे आवाज माझा. मुलांना त्रास व्हायचा असेल." मग लॅपटॉप मिटून, "तुला लाज वाटत होती तर आधी सांगायचंस. लिहीत होते तेव्हा तू आलेलास की दोनदा. मी दुसरी ओळ घातली असती. मला काय, येतात ओळी."

ती चिडली असती तर मी माझी बाजू मांडली असती. नवीन पेन ड्राइव्ह बनवून सगळ्यांना देतो म्हणालो. ती म्हणाली, "आता कोण बघतंय? ज्यांनी बघायचं त्यांनी सनई बघितली."

मी उठायला लागलो तेव्हा तिने विचारलं, "बारसं किती वाजता?"

"अकरा. ताई, तू म्हण ना पाळणा. पोरगी वाट बघतेय."

"म्हणेन."

मला इतकं बरं वाटलं की मी चप्पल घालता घालता थांबलो.

"पण शूटिंग नको," ती म्हणाली. "कोणाचंच नको, मोबाइलवरही नको. आणि मी म्हणेपर्यंत तू घरात थांबायचं नाहीस."

मला वाटलं गंमत करतेय. तिच्याकडे बघितलं. तिने मेथीची जुडी पुन्हा समोर ओढली होती.

बारशाच्या सकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. ती बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. गुंडाळून झालं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती म्हणाली, "मग तुम्ही अकराला खाली जा, बाबा."

पाहुणे आले. कोणीतरी विचारलं, "कॅमेरा कुठाय? नातवाचं बारसं आणि तुम्ही रिकाम्या हाताने?" मी म्हणालो, "ताई नको म्हणाली." विहीणबाईंनी ताईला हाताला धरून पाळण्याजवळ बसवलं. ताईने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी चपला घातल्या. बारशात पुरुषांचं तसं काही काम नसतं. मी गेलो ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खाली पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभा राहिलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या उघड्या होत्या. शेजारची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे, तिथे ड्रिल चालू होतं. मधे ते थांबलं आणि ताईचा आवाज आला. माईकशिवाय, तसाच, दोन वर्गांचा. चाल कळत होती. शब्द तीन मजल्यांवरून खाली येईपर्यंत सुटत होते. "बाळा" कळलं, एकदा "पणजी" कळल्यासारखं वाटलं, खात्री नाही. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो, मग उतरलो. ड्रिल पुन्हा सुरू झालं. ते थांबलं तेव्हा वर टाळ्या वाजत होत्या.

नातवाचं नाव मला पेढा घेऊन खाली आलेल्या एका पाहुण्याकडून कळलं.

ताई जेवून निघाली तेव्हा मी तिला गेटपर्यंत सोडायला गेलो. गाडी काढतो म्हटलं तर म्हणाली, "रिक्षा सांगितलीय." रिक्षा यायला वेळ होता. आम्ही उभे होतो. मी विचारलं, "ताई, पाळण्यात काय काय घातलं होतंस?"

"जे होते त्यांना विचार," ती म्हणाली. रागाने नाही. रिक्षा आली, तिने पिशवी आधी आत ठेवली, मग ती बसली.

मी विचारलं. बायकोला दोन ओळी आठवल्या, मुलीला तीन, त्यातली एक बायकोचीच पण शब्द वेगळे. विहीणबाईंना फोन करायला मला आठवडा लागला. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही नव्हता का?" आणि त्यांनी अख्खं एक कडवं फोनवर म्हणून दाखवलं. त्यात पणजी होती. पणजीबरोबर तिची मुलगीही होती. मी ते कागदावर उतरवून घेतलं आहे. अजून एक कडवं होतं असं सगळेच सांगतात. ते कोणालाच आठवत नाही. ताईला मी विचारलेलं नाही.